वहीचे रकाने कोण आखते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय आपण मोठा कठीण नावाचा दिला आहे. ‘माहिती व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान यांचे पदव्युत्तर शिक्षण’! नाव ऐकूनच एखादीने पिशवीतले विणकाम बाहेर काढले तर तिला दोष देता येणार नाही. परंतु मला असे सांगावयाचे आहे की, हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याचे मूळ आपल्या मंडळाच्या कपाटात आहे, आणि त्याचे फळ मात्र अजून आपल्या हाती यावयाचे आहे.

प्रथम कपाटाकडेच वळू. समजा, एखाद्या मंडळात भिशी चालते. चाळीस बायका, दरमहा वर्गणी. चिटणीसबाई दर महिन्याच्या पानावर प्रत्येकीचे नाव, पत्ता, फोन नंबर आणि रक्कम लिहितात. आता त्यांतल्या एकीने घर बदलले. मागच्या अकरा पानांवर जुना पत्ता, बाराव्या पानावर नवा. दोन वर्षांनी कोणी वही उघडली, तर खरा पत्ता कोणता हे सांगावयाचे कोणी? शिवाय एकाच नावाच्या दोघीजणी असल्या म्हणजे एकीचे पैसे दुसरीच्या नावावर जावयास वेळ लागत नाही.

यावर शहाणी चिटणीस काय करते? ती प्रत्येक सभासदाला एक क्रमांक देते. नाव-पत्ता एका वहीत, एकदाच लिहिते. वर्गणीच्या वहीत फक्त क्रमांक, महिना आणि रक्कम. पत्ता बदलला तर एकाच जागी खोडावे लागते, आणि बाकी सारे आपोआप बरोबर राहते. भगिनींनो, ही युक्ती म्हणजेच संगणकाच्या अभ्यासातल्या ‘डेटाबेस’ या विषयाचा गाभा होय. एडगर कॉड नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली ती गणिताच्या नियमांत बसवून मांडली, आणि आज बँका, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांचा फार मोठा कारभार त्या पायावर उभा आहे. वही मोठी झाली, कागदाची राहिली नाही, एवढाच फरक. रकाने आखणे हे काम मात्र तेच आहे.

आणि माझा सारा मुद्दा या रकान्यांचाच आहे. वही भरणारी एक असते आणि रकाने आखणारी दुसरी. भरणारीला, जेवढे रकाने असतील तेवढेच सांगता येते. ज्या गोष्टीला रकानाच नाही, ती गोष्ट वहीच्या लेखी घडलेलीच नसते.

जी गोष्ट लिहिली जाते ती राहते, हे आपल्या खानदेशाला कोणी शिकवावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापून काढली, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. १९३२ साली धुळ्याच्याच तुरुंगात विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी तेथल्या तेथे उतरून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक घरोघरी आहे. गुरुजींची लेखणी त्या वेळी हलली नसती तर तो आवाज तुरुंगाच्या भिंतीतच विरून गेला असता.

तिसरे उदाहरण तर आपल्या अगदी जिव्हाळ्याचे. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेव्हा ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जी टिपली गेली ती आपल्याला मिळाली. जी टिपली गेली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबरच गेली.

आता थोडा विचार करा. आवाज बाईचा होता, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. त्या लेखणीवाल्यांचे उपकार आपण विसरणार नाही. परंतु दर घरी सोपानदेव नसतो. किती आसोद्यांतल्या, किती सोनगीर-साक्रीच्या आजीबाई आपल्या ओव्या घेऊन गेल्या असतील, त्याची मोजदाद कोणी करावयाची?

ही मोजदाद करता येते, हे पुण्याच्या बाजूला सिद्ध झाले आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी प्वातवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्याखेड्यांतील बायांकडून जात्यावरच्या ओव्या मिळविल्या. एक लाखाहून अधिक! नुसत्या मिळविल्या नाहीत, तर गाणारीचे नाव, तिचे गाव, ओवीचा विषय अशा रकान्यांत संगणकावर मांडून ठेवल्या. त्यामुळे आज माहेरावरची ओवी हवी, भावावरची हवी, दुष्काळावरची हवी, असे म्हटले की ती सापडते, आणि ती गाणारीच्या नावासकट सापडते. याला म्हणतात माहितीचे व्यवस्थापन. गोळा करणे हे अर्धे काम झाले. हवे तेव्हा, हवे त्याला, खरे तेच सापडणे, हे उरलेले अर्धे.

ही झाली ओव्यांची गोष्ट. आता रोजच्या व्यवहाराकडे या. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून शेतकरी संघटनेने एके काळी ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली होती. आज तो सातबारा संगणकावर आहे, आणि २०१८ पासून तो डिजिटल सहीसह घरबसल्या मिळू लागला आहे. सोय मोठी झाली. पण नवऱ्याच्या पश्चात वारसाच्या नोंदीत जिचे नाव चढले नाही, तिला त्या सोयीचा काय उपयोग? चुकीची नोंद कागदावर असली काय आणि पडद्यावर असली काय, चूक ती चूकच. उलट पडद्यावरची चूक लोकांना जास्त खरी वाटते.

‘लाडकी बहीण’ योजना २०२४ साली आली तेव्हा आपण सर्वांनी केंद्रांपुढच्या रांगा पाहिल्या. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा व्हावयाचे. एकीचे नाव आधारवर माहेरचे, बँकेत सासरचे. दुसरीच्या नावात एका ठिकाणी ‘बाई’ आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. तिसरीचा फोन नंबर मुलाच्या नावाचा, आणि मुलगा सुरतेला कामाला. बाई तीच, घर तेच, पण यंत्राच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या बाया! लग्नानंतर बाईचे नाव बदलते, ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. पण रकाने आखताना हे कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते, आणि ज्याचे नाव जन्मात कधी बदलले नाही त्याच्या ते चटकन ध्यानात येत नाही. यात कोणाचा दुष्टावा नसतो. तो अनुभवाचा प्रश्न असतो.

अंगणवाडीचेच पाहा. बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर करावयाच्या ठरल्या. त्या वर्षी राज्यातील सेविकांनी मराठीतून ॲप हवे म्हणून मागणी केली आणि बिघडणारे सरकारी फोन परत केले. ज्या बाईला पाड्यावरच्या प्रत्येक लेकराचे वजन तोंडपाठ, तिला इंग्रजी रकान्यांपुढे अडाणी ठरावे लागले! रकाने आखणाऱ्यांच्या बैठकीत एखादी सेविका, निदान एखाद्या सेविकेची शिकलेली लेक, बसलेली असती तर हे आधीच टळले असते असे मला वाटते.

याच्या उलट एक चांगले उदाहरण सांगते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला. पाहू गेले तर बदल केवढा? आईचे नाव कोठे ठेवावे ते ठरले. पण तेवढ्याने नऊ महिने भार वाहणारी बाई कागदावर आली. रकान्याची शक्ती ती ही.

तर मग हे रकाने आखावयाचे कोठे शिकवितात? नेहमीचे संगणकाचे छोटे वर्ग आपल्याला माहीत आहेत. ‘एम.एस.-सी.आय.टी.’ आपल्यापैकी पुष्कळजणींनी केली असेल. ती चांगलीच आहे, पण ती अक्षरओळख झाली. अक्षरओळख झाल्यावर ग्रंथ लिहिता येत नाही. त्यासाठी पदवीनंतरचा, दोन वर्षांचा, पद्धतशीर अभ्यास लागतो, आणि तो आपल्या दारात आहे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गिरणेच्या काठी असलेल्या या विद्यापीठात संगणकशास्त्राची स्वतंत्र प्रशाळा आहे. तेथे एम.सी.ए. आणि एम.एस्सी. असे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. जळगाव, धुळे, शिरपूर येथील महाविद्यालयांतही संगणकाचे उच्च शिक्षण मिळते. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचे होते, २०२० पासून ते दोन वर्षांचे झाले. बी.सी.ए. किंवा संगणकाची बी.एस्सी. झालेल्या मुली तर त्याला जाऊ शकतातच, पण बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या, आणि बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेल्या मुलींनाही तो मार्ग मोकळा आहे. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

गणित सोडलेल्या मुलींनीही निराश होऊ नये. ग्रंथालय व माहितीशास्त्र हा याच घराण्यातला दुसरा विषय आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधर मुलीला आधी बी.लिब. आणि मग एम.लिब. करता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते घरचा व्याप सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. भारतात या शास्त्राचा पाया डॉ. रंगनाथन यांनी घातला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे जे पाच नियम सांगितले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविणे हाही एक नियम आहे. सेतू केंद्राच्या रांगेत दुपार घालविणाऱ्या बाईला त्या नियमाचे मोल कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

या दोन वर्षांत मुली शिकतात काय? माहिती कशी मांडावी, कशी शोधावी, यंत्राला सूचना कशा द्याव्यात, हे तर आलेच. शिवाय यंत्र बिघडले तरी माहिती बुडू नये म्हणून प्रती कोठे ठेवाव्यात, आणि कोणाची माहिती कोणाला दाखवावी व कोणाला दाखवू नये, हेही शिकविले जाते. ही शेवटची गोष्ट बायकांना फार महत्त्वाची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. परंतु कायदा पुस्तकात असतो, आणि आपला फोन नंबर अर्जामागून अर्जावर असतो. तो पाळला जाईल अशी व्यवस्था करणारी माणसे तयार व्हावी लागतात.

कोणी म्हणेल, ही सारी मोठ्या शहरांची कामे, आपला काय संबंध? त्यांनी अमळनेरची गोष्ट आठवावी. १९४५ साली महमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हे त्याचे नाव. १९६६ साली त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी कारभार हाती घेतला, आणि पुढे तीच कंपनी ‘विप्रो’ या नावाने संगणकाच्या धंद्यात जगभर पोहोचली. तेलातुपाच्या कारखान्याचे मूळ आपल्या बोरी नदीच्या काठी, आणि फांद्या साऱ्या बंगळूरला! त्या झाडाच्या सावलीत आपल्या किती मुली बसल्या, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

आणि हे काम पुरुषी आहे असे तर कोणी मनातही आणू नये. अमेरिकेत ‘एनिॲक’ हा प्रचंड संगणक १९४६ साली लोकांना दाखविण्यात आला. त्याला कामाला लावण्याच्या सूचना रचल्या त्या सहा बायकांनी. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. यंत्राचा गाजावाजा झाला, पण या सहाजणींची नावे कित्येक दशके कोणी घेतली नाहीत. मी ती आज मुद्दाम घेतली. काम केले तरी नोंद राहील असे नाही. नोंद ठेवणाऱ्यांतही आपण असावे लागते.

आता घरोघरी निघणाऱ्या शंकांविषयी बोलते. पहिली शंका लग्नाची. मुलगी एकविसाव्या वर्षी पदवीधर होते. स्थळे येऊ लागलेली असतात, आणि ‘आता आणखी किती शिकावयाचे?’ असे आजी विचारते. आजीची काळजी खोटी नाही. पण दोन वर्षांनी मुलगी तेवीस वर्षांची असेल, फार म्हातारी नव्हे. आणि लग्न ठरलेच, तर बैठकीत देण्याघेण्याच्या आधी ‘मुलगी पुढे शिकेल’ ही गोष्ट बोलून घ्यावी. मी तर पुढे जाऊन म्हणते, सुनेलाही पाठवावे. सून शिकावयास जाते तेव्हा सकाळचा स्वयंपाक कोण करील, हा प्रश्न कोणत्याही प्रवेश परीक्षेत नसतो. पण पुष्कळजणींचे शिक्षण तेथेच अडते. त्याचे उत्तर आपल्यासारख्या सासूबाईंनीच द्यावयाचे आहे.

दुसरी शंका पैशाची. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने असा निर्णय केला की, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ व्हावी. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे, व्यवस्थापनाच्या कोट्यातला चालत नाही. एवढी बारीक अट माहीत नसल्याने सवलत हातची जाऊ शकते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी नियम वाचावेत, आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच. पण धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर, आणि भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर ही गावे तर रेल्वेने जोडलेली. पुण्यामुंबईच्या खोलीभाड्यापुढे हे पुष्कळ सोपे आहे.

तिसरी शंका नोकरीची. येथे मी कोणाला खोटी आशा लावणार नाही. पदवी हाती आली की नोकरी दारात उभी, असे दिवस नाहीत. मोठ्या कंपन्यांची भरती कधी वाढते, कधी आटते. २०२२ सालाच्या अखेरीपासून ‘चॅटजीपीटी’सारखी साधने निघाली, आणि संगणकाच्या साध्या सूचना आता यंत्रच लिहू लागले आहे. मग शिकावयाचे कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, यंत्र रकाने भरू शकते. पण कोणता रकाना हवा आणि आत लिहिलेले खरे की खोटे, हे ओळखावयास जाणते माणूसच लागते. वरवर शिकलेल्याला धोका आहे, मुळापासून शिकलेल्याला कमी आहे. आणि काम केवळ कंपन्यांतच नसते. केळीच्या बागा, कापसाच्या जिनिंग, डाळमिला, पतपेढ्या, दवाखाने, शाळा, ग्रामपंचायती, या साऱ्यांना आपापली माहिती नीट सांभाळणारे माणूस हवे आहे.

शेवटी मंडळाने काय करावे, ते सांगून मी आपली रजा घेते. पहिली गोष्ट, आपल्या पेठेत यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला कोण मुली आहेत, त्यांची यादी करावी आणि दोघी-तिघींनी त्यांच्या घरी जाऊन आईशी बोलावे. दुसरी गोष्ट, प्रवेश परीक्षेची फी आणि दाखल्यांचा खर्च यासाठी मंडळाने एक लहानसा निधी बाजूला ठेवावा. तिसरी गोष्ट, या अभ्यासक्रमांत मुलींना एखादा प्रकल्प करावा लागतो, त्यासाठी आपल्या भिशीच्या आणि बचत गटाच्या वह्या त्यांना द्याव्यात. मुलींना खरे काम मिळेल, आणि आपल्या वह्या सुधारतील. सभासदांचे नंबर बाहेर जाणार नाहीत, ही अट आधी घालावी, म्हणजे तोही धडा होईल.

आणि चौथी गोष्ट. आपल्यात ज्या वडीलधाऱ्या आहेत, त्यांच्या अहिराणीतल्या, लेवा गणबोलीतल्या ओव्या, लग्नातली गाणी, पाककृती, घरगुती औषधे आपल्याच लेकीसुनांनी उतरून घ्यावीत. गाणारीचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव, तारीख, असे रकाने करावेत. आणखी कोणते रकाने हवेत ते आपणच बसून ठरवावे.

ज्या विद्यापीठात हे सारे शिकता येते, त्याला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले. अक्षरही न लिहिता आलेल्या बाईचे नाव आज हजारो मुलींच्या पदवीपत्रावर छापले जाते. हा मान मोठा आहे. परंतु नुसत्या मानाने भागणार नाही. तिच्या हाती लेखणी नव्हती. आपल्या लेकीसुनांच्या हाती ती आहे, आता त्यांच्या हाती रेघा मारावयाची पट्टीही येऊ द्या.